धोटा परत येईपर्यंत

समस्त हुडकेश्वरवासीयांना, विशेषतः पानठेल्यावर, सलूनमध्ये आणि ओट्यांवर बसणाऱ्या पुरुषमंडळींना अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, गेल्या पाच आठवड्यांपासून आपल्या भागात कोणत्याही पुरुषाला मागून खांद्यावर टकटक करून ‘आज लेकराशी काय बोलला?’ असे विचारले जात नाही. ही सोय कायमस्वरूपी आहे. तरी नागरिकांनी याबद्दल आनंद व्यक्त करू नये. हुकमावरून.

माझा धंदा बिछायत केंद्राचा. मंडप, गाद्या, खुर्च्या, भोंगे, माइक, आणि माइकसोबत मी स्वतः. लग्नात वऱ्हाडाचं स्वागत, गणपतीत बक्षीस समारंभ, तेरवीला दोन शब्द, सगळं एकाच गळ्यातून निघतं. त्या दिवशी मी एका मंगल कार्यालयात शिडीवर उभा राहून भोंगा बांधत होतो. सुषमाचा, म्हणजे माझ्या बायकोचा, फोन आला. म्हणाली, “लीलाताई गेल्या.” मी विचारलं, “कुठं?” पलीकडून उत्तर आलं नाही, तेव्हा मला कळलं. दुपारी जेवून आडव्या झाल्या होत्या, त्या उठल्याच नाहीत. खालून माझा कारागीर विचारत होता, “भाऊ, डावीकडं घेऊ का?” आणि लाइट गेल्यावर अर्धा अर्धा तास पब्लिकला खुर्चीवर खिळवून ठेवणाऱ्या मला साधं ‘हो’ म्हणता येईना...

लीलाताई निमजे नागपूरच्या कडेच्या आमच्या ले-आउटच्या, म्हणजे वसाहतीच्या, अंगणवाडीच्या सेविका होत्या. मूळच्या उमरेडच्या, विणकर घरातल्या. अंगानं बुटक्या, पदर कमरेला खोचलेला, काखेत रजिस्टर आणि पायात पुरुषी चपला. कारण बायकांच्या चपला, त्यांच्या मते, ‘चालासाठी नाई, दाखवासाठी असते.’ अंगणवाडी म्हणजे हनुमान मंदिरामागची भाड्याची एक खोली. लोकांना वाटायचं, बाई लेकरांना खिचडी देतात, वजन करतात आणि रजिस्टर भरतात. ते त्या करायच्याच. पण त्यांचं खरं काम खोलीबाहेर चालायचं. त्यांचं म्हणणं असं की लेकरू खोलीत चार तास असतं आणि घरी वीस तास, तेव्हा अंगणवाडी घरातच भरली पाहिजे आणि खोलीत फक्त तिची हजेरी लागली पाहिजे. आया तरी दोन शब्द बोलतात, आज्या गाणी म्हणतात. बाप आणि आजोबा ही जात मात्र लेकराला उचलते, फोटो काढते आणि खाली ठेवते. म्हणून त्या पुरुषांच्या मागे लागत. प्रश्न फार हुशारीचा होता. ‘बोलला का?’ असा नव्हता; त्याला ‘हो’ म्हणून सुटता आलं असतं. प्रश्न होता, ‘काय बोलला?’ मग वाक्य सांगावं लागायचं. भर चौकात, चार मित्रांसमोर, तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटता घोटता, ‘मी तिला म्हटलं, बघ चिमणी’ असं सांगावं लागायचं. मोठमोठे प्लॉटवाले त्यांना पाहून रस्ता बदलायचे.

मी तर एकदा सलूनमध्ये तोंडावर टॉवेल घेऊन मेल्यासारखा पडून राहिलो होतो. टॉवेलाचा एक कोपरा अलगद वर झाला.

“काय जी, माइकवाले. आज पोट्ट्याशी काय बोलला?”

“ताई, खूप बोललो.”

“खूप काय? एक सांग.”

“म्हटलं, जेवला का रे.”

“मंग थो काय म्हणला?”

सलूनमध्ये कैची थांबली. मी टॉवेल पुन्हा तोंडावर ओढला. कारण तो काहीच म्हणत नव्हता. माझा वेदांत तेव्हा अडीच वर्षांचा होता आणि त्याच्या तोंडून एक शब्द फुटला नव्हता. ‘आई’ नाही, ‘पाणी’ नाही. हवं ते बोटानं दाखवायचा, नाही मिळालं तर डोकं जमिनीवर आपटायचा.

ही गोष्ट आम्ही घरात हसण्यावारी नेली होती. आमची चूक आमच्या धंद्याला शोभेशीच होती. मी गळ्याचा माणूस. बाहेर बोलायचं म्हणून घरी मौन. गरम पाणी, तोंडात ज्येष्ठमध आणि हातानं खुणा. ‘मीठ दे’ची खूण वेगळी, ‘पंखा लाव’ची वेगळी. सुषमा सीताबर्डीला साड्यांच्या दुकानात काउंटरवर. दिवसभर उभं राहून ‘हा रंग बघा ताई, हा काठ बघा’ करून ती बसनं घरी यायची तेव्हा तिलाही तोंड उघडावंसं वाटत नसे. आमची आई गुडघ्याला तेल लावत म्हणायची, “बाप गळा जपते, त पोट्टा बी जपते. बोलन वेळ आली का.” आम्ही हसायचो. आमची बोलणी दुकानातच संपत होती. घरी उरायची ती शांतता, आणि त्या शांततेत एक लेकरू मोठं होत होतं.

दुसऱ्याच दिवशी दुपारी लीलाताई घरी आल्या. खुर्ची दिली तर जमिनीवर बसल्या. अर्धा तास काही विचारलं नाही, नुसत्या वेदांतकडे बघत राहिल्या. मग त्याची पाठ असताना एक वाटी फरशीवर टाकली. तो वळला. पुन्हा हळूच एक चमचा टाकला. तो वळला, पण जरा उशिरा. किंवा आम्हाला तसं वाटलं. सुषमानं चहाचा कप न पिताच खाली ठेवला.

“भेवाचं काम नाई,” ताई म्हणाल्या, “पण आधी कान तपासाचे. मंग बाकीचं. म्या काही डॉक्टर नोहो.”

सरकारी दवाखान्यात त्या आमच्यासोबत आल्या. बाकावर आम्ही तिघं आणि मांडीवर वेदांत. समोरच्या भिंतीवर ‘शांतता राखा’ असा बोर्ड होता आणि आयुष्यात पहिल्यांदा मला त्या दोन शब्दांचा राग आला. सुषमा हळूच म्हणाली, “याला ऐकूच येत नसलं तर?” त्यावर ताईंनी सांगितलं, “तं त्याच्याशी हातानं बोलू. बोलाचं काही सुटत नाई.” कान चांगले निघाले. डॉक्टरांनी घरी भरपूर बोलायला सांगितलं आणि सहा महिन्यांनी पुन्हा बोलावलं. मी हुश्श केलं, आणि लगेच दुसरी धडकी भरली. कान चांगले, तर दोष कुणाचा? ताईंनी माझं तोंड वाचलं असावं. ऑटोत बसता बसता म्हणाल्या, “दोष नोको शोधू. वेळ शोध.”

आणि मी वेळ शोधला. मायबाप वाचकहो, काय सांगू... मी बोलायला लागलो. मी म्हणजे मीच. “आणि आता आपल्यासमोर सादर होत आहे गरमागरम वरण-भात! सोबतीला लिंबाची फोड! टाळ्या झाल्या पाहिजेत!” अंघोळीला समालोचन, चड्डी घालायला निवेदन, झोपायला आभार प्रदर्शन. सकाळी दोन तास, दुपारी दोन तास. गळ्याची पर्वा केली नाही. दहाव्या दिवशी वेदांत दिवाणाखाली जाऊन बसला आणि बाहेर येईना. मी दिवाणाशेजारी पालथा पडून त्याला आग्रहाचं निमंत्रण देत होतो, तेव्हा दारात लीलाताई उभ्या होत्या. किती वेळ उभ्या होत्या कोण जाणे. पदर तोंडाशी धरून हसत होत्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

“काहून हसता, ताई? तुम्हीच म्हणाल्या बोल.”

“बोल म्हटलं व्हतं गा. लाउडस्पीकर नव्हता लावाले सांगतला.”

मग त्यांनी पिशवीतून धोटा काढला. हातमागावर कापडातून इकडून तिकडे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, होडीसारखा, वीतभर लांब. त्यांच्या वडलांच्या मागावरचा. हाताळून हाताळून काळा आणि गुळगुळीत झालेला. लेकरांना लागू नये म्हणून दोन्ही बाजूंची अणकुचीदार लोखंडी टोकं त्यांनी सुताराकडून काढून घेतली होती. तो माझ्या हातात ठेवून म्हणाल्या, “माहा बाप एका हातानं हा फेके आन् दुसऱ्या हातानं झेले. दोन्ही हात फेकणारेच असते तं कापड झालं असतं का? तू एक गोष्ट बोल. मंग हा त्याच्या हाती दे. आन् गप ऱ्हाय. त्याच्याकडं पाह्य. त्यानं हुं केलं, हात हालवला, थुंकी उडवली, तरी ते बोलणंच समज. धोटा परत आल्याबिगर तुहा नंबर नाई.”

ऐकायला सोपं. पण निवेदकाला विचारा. कार्यक्रमात दोन सेकंद शांतता पडली म्हणजे वायर तुटली, नाहीतर नवरी पळाली. माझ्या हाडामांसात ती भीती बसलेली. मी ‘हा बघ कप’ म्हणून धोटा द्यायचो आणि वेदांतनं डोळे वर करायच्या आत ‘किती छान कप, लाल कप’ सुरू. म्हणून ताईंनी माझ्यावर पंच नेमले. आमच्या शेजारचे भोयर काका. खापरखेड्याच्या वीज केंद्रातून ऑपरेटर म्हणून निवृत्त झालेले. आयुष्यभर टर्बाइनच्या आवाजात राहिल्यानं ऐकायला कमी, मनगटावर जुनं घड्याळ, आणि दर तासाला काट्यांचं रीडिंग घेण्याची सवय हाडात मुरलेली. बायको वारली होती, मुलगा परगावी होता, घरात रीडिंग घ्यायला काही उरलं नव्हतं. ताईंनी त्यांना एक वही दिली आणि सांगितलं, माइकवाल्यानं दहा सेकंद तोंड बंद ठेवलं की नाही ते बघायचं आणि पोट्ट्यानं काढलेला प्रत्येक आवाज लिहायचा. काका रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून ड्यूटीवर हजर. ती वही आमच्याकडे आहे. ‘नऊ चाळीस : बू. कारण अज्ञात.’ ‘नऊ त्रेपन्न : वडिलांनी मध्येच तोंड घातले. सूचना दिली.’ ‘दहा पाच : मुलगा हसला. मीही हसलो.’

मग हळूहळू सगळी गल्लीच यात ओढली गेली. ताईंनी एकेकाला काम वाटून दिलं. सलूनवाल्यानं रोज वेदांतला फक्त आरशासमोर उचलून धरायचं, ‘कोण आहे?’ विचारायचं आणि थांबायचं. भाजीवाली मावशी वेदांतच्या हातात वांगं द्यायची आणि गप्प उभी राहायची. गिऱ्हाईक विचारायचं, “मावशी, वांगी कशी दिली?” ती तोंडावर बोट ठेवायची. “थांब वं बाई. लेकरू सांगून राहिलं.” लेकरू काही सांगत नसायचं. पण हातात पिशव्या घेतलेल्या बायका दोन मिनिटं उन्हात थांबायच्या, अडीच वर्षांच्या पोराच्या तोंडाकडे बघत. माझ्या एवढ्या वर्षांच्या धंद्यात मला कधी इतकी शांत, इतकी उत्सुक पब्लिक मिळाली नाही.

एक महिना गेला, दुसराही संपत आला. आईनं आता गुडघ्याला तेल लावताना काही म्हणणं सोडून दिलं होतं. सुषमा रोज बसमधून उतरली की दारातूनच माझ्याकडे बघायची, आणि मी मान हलवायचो. एके दिवशी ती ताईंना म्हणाली, “नाहीच बोलला तर?” ताईंनी थापा मारल्या नाहीत. म्हणाल्या, “काही लेकरं उशिरा बोलते, काहीले मोठ्या डॉक्टराची गरज पडते. तसं असलं तं म्या येतो सोबत. पण तवरिक आपला हात आखडता नोको घेऊ.”

नवतप्याचे, मे अखेरच्या रणरणत्या उन्हाचे दिवस होते. दुकानात कूलर लावून मी, वेदांत आणि भोयर काका गाद्यांच्या थप्पीवर बसलो होतो. मी भोंग्याकडे बोट दाखवलं, “हा भोंगा,” म्हटलं, धोटा त्याच्या हातात दिला आणि तोंड मिटलं. काका घड्याळाकडे बघत होते. पाच सेकंद. दहा. पंधरा... माझ्या ओठांना मुंग्या आल्या. काकांनी बोट वर करून मला दटावलं. वेदांतनं धोटा उलटापालटा केला, त्याचं एक टोक तोंडाजवळ नेलं, माइक धरतात तसं. आणि अगदी माझ्या सुरात म्हणाला, “हालो.”

मग त्यानं धोटा माझ्या तोंडासमोर धरला. आणि थांबला. माझ्याकडे बघत, भुवया वर करून, मी बोलण्याची वाट बघत थांबला. आणि हुडकेश्वरच्या नामांकित निवेदकाला एक अक्षर बोलता आलं नाही. काका कमी ऐकायचे, ते मला विचारत होते, “काय म्हणला? काय म्हणला गा? काय लिहू?” मी रडत होतो. शेवटी त्यांनी लिहिलं, ‘अकरा वीस : मुलगा बोलला. वडील बंद पडले.’

मी ताईंना सांगायला धावत गेलो. वाटलं, डोक्यावर हात ठेवतील, डोळे पुसतील. त्या ताजव्यावर एका बाळाचं वजन घेत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, “बरं झालं. मंग तू काय म्हणला?”

अशी ही बाई. कौतुकाची हौस नाही, दुसऱ्याची कीव नाही. जेवायला बोलावलं तर आधी घरातलं लेकरू कोणाजवळ आहे ते विचारायच्या. बारशाला गेल्या की पाळण्यापेक्षा बापाकडे जास्त बघायच्या. गाणं इतकं बेसूर म्हणायच्या की मी एकदा माइक बंद केला होता, आणि त्यांनी तो पुन्हा चालू करायला लावला, “लेकराले सूर नाई पाह्यजे, माणूस पाह्यजे.” निवृत्त झाल्या तर दर बुधवारी स्वतःच्या पडवीत आजोबा लोकांना नातवंडं घेऊन बसवायला लागल्या. भोयर काकांचा मुलगा नागपुरात परत आला, त्याला उशिरानं मुलगी झाली, तेव्हा ताईंच्या पडवीतले सगळ्यात ज्येष्ठ विद्यार्थी काकाच होते, जुन्या घड्याळासकट.

शेवटची भेट माझ्या दुकानात. बुधवारसाठी बारा खुर्च्या सांगायला आल्या होत्या. लगीनसराई, माझ्या दोन्ही कानांना दोन फोन. खुर्च्यांचं झालं, तरी त्या उभ्या होत्या. म्हणाल्या, “माइकवाले, एक सांगाचं व्हतं...” मी हातानंच खूण केली, उद्या. घरी करायचो ना मी, तशीच खूण. त्या हसल्या आणि गेल्या. मी दोन दिवसांनी खुर्च्या पाठवल्या. स्वतः गेलो नाही. काय सांगायचं होतं, ते आता कळायचं नाही. कदाचित बारा नाही, तेरा खुर्च्या लागतील, एवढंच असेल. पण ज्या बाईनं मला थांबायला शिकवलं, तिच्यासाठी मी दहा सेकंद थांबलो नाही, एवढं माझ्या नावावर राहिलं.

मागच्या रविवारी मंदिरासमोरच्या मैदानात शोकसभा घेतली. पांढरा मंडप मी स्वतः बांधला. आयुष्यात पहिल्यांदा शिडीवर चढून मी कारागिरांना काही सूचना दिल्या नाहीत. टेबलावर ताईंचा फोटो आणि फोटोसमोर धोटा. खुर्च्या कमी पडल्या. पानठेलेवाला, सलूनवाला, भाजीवाली मावशी, रस्ता बदलणारे ते प्लॉटवाले, आणि कधीकाळी त्या खोलीत रांगलेली पोरंपोरी, कोणी मिसरूड फुटलेली, कोणी कडेवर स्वतःचं लेकरू घेतलेली. माझ्या बाजूला वेदांत. आता सोळा वर्षांचा, इतका बोलतो की आमची आई म्हणते, याचा गळा कोण जपणार.

भाषणं झाली. मी माइक घेतला, दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायची विनंती केली. वेळ कोण बघणार हा प्रश्नच नव्हता. पहिल्या रांगेत भोयर काका घड्याळ डोळ्यांजवळ धरून उभे होते. सगळ्यांच्या माना खाली. तेवढ्यात काकांची नात, सव्वा वर्षाची, आईच्या हातातून निसटून टेबलापाशी गेली आणि तिनं धोटा उचलला. तिला आवरायचं कोणी? माना तर खाली होत्या. मिनिट सरलं असेल नसेल, तिनं धोट्याचं टोक तोंडाशी नेलं आणि सुरू केलं, “द्दा... बाबाबा... द्दा.” तिची आई पुढे सरकली आणि मध्येच थांबली. एकेक मान वर यायला लागली. आणि मी पाहिलं, अख्खा मंडप तिच्याकडे बघत होता, भुवया वर करून, ओठ मिटून, पुढच्या शब्दाची वाट बघत. तो चेहरा मला पाठ होता. तो ताईंचा चेहरा होता, शे-दीडशे माणसांच्या तोंडावर.

काकांनी बोट वर केलं. दोन मिनिटं झाली होती. मी सवयीनं माइक तोंडाशी नेला, “ओम...” म्हटलं, आणि शेजारून वेदांतनं माझा हात खाली दाबला आणि सगळ्या मंडपाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला,

“थांबा ना, बाबा. ती बोलून राहिली अजून.”